कात, चुना आणि अक्काचं न्हाण

आमच्या काकूनं आयुष्यात एकच नाटक बसवलं. त्याला नेपथ्य होतं, वेशभूषा होती, गाणी होती, जेवणावळ होती, आणि ते इतकं झकास वठलं की त्यापायी तिची लेक मरता मरता राहिली. पडद्यामागं काय चाललंय ते माहीत असलेल्या आम्ही तिघीच: काकू, तिची लेक आणि मी. बाकी सगळं गाव प्रेक्षकांत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. अंबड तालुक्यातलं कपाशीचं गाव. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दोन बिऱ्हाडं, एकच घर, मधे एक लांबलचक ओसरी. काकूची लेक माझ्याहून थोरली, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. अक्का उंच होती, हसायला लागली की भिंतीला टेकून खाली बसायची, आणि सोळावं लागलं तरी ओसरीच्या कोपऱ्यात बसली नव्हती.

हा कोपरा म्हणजे आमच्या गावचं वर्तमानपत्र. घरातल्या बाईला कावळा शिवला की तिनं तिथं पोतं अंथरायचं, वेगळा तांब्या घ्यायचा आणि डोकं धुवेपर्यंत उठायचं नाही. रस्त्यानं जाणारी प्रत्येक बाई आत डोकावून वाचून जायची. कोण बसली, कोण बसली नाही, कुणाचा महिना चुकला, कुणाची आशा मावळली. झाकून ठेवायची गोष्ट आणि ठेवायची मात्र रस्त्यावर, असा आमचा कारभार.

मी तेराव्या वर्षी त्या पोत्यावर जाऊन बसले आणि त्याच दिवशी अक्काचं संकट सुरू झालं.

"धाकटी बसती अन् थोरली पाणी भरती? हे उलटंच की व माय," पाण्याला जाणारी एकजण म्हणाली.

"थोरलीत काही हाय का न्हाई कुणाला ठावं," दुसरीनं उत्तर दिलं. आवाज मुद्दाम मोठा.

काकू चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली ती उलटायची विसरली.

त्यातच शहागडकडचं एक स्थळ आलं. मुलगा बरा, जमीन ओलिताखालची. मुलाच्या आईनं चहाची बशी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "पोरगी शहाणी झाली न्हवं?"

"आता होईल, आज उद्या," काकू म्हणाली.

"झाली की सांगा. मंग पुढचं बोलू." आणि बाई उठल्या.

इथून नाटक सुरू. काकूला तिच्या स्वतःच्या अडचणीचे दिवस आले तशी तिनं तिचंच डागाळलेलं फडकं अक्काच्या हातात दिलं, अक्काला कोपऱ्यात बसवलं आणि ओसरीत उभी राहून अशी काही किंचाळली, की पलीकडच्या आळीतून बायका धावत आल्या. "माझी लेक शहाणी झाली गं बाई!" डोळ्यांत पाणी खरं होतं. आमच्या भागात तोवर न्हाणाचा थाट बंद पडत चालला होता, पण काकूनं काही म्हणून कमी केलं नाही. मखर बांधलं, हळद लावून न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, गावच्या बायकांना पुरणाचं जेवण दिलं. काका कधी नव्हे ते जाकीट घालून दारात उभे होते. त्यांना काय ठाऊक! फडकं काकूनं मुद्दाम आमच्या परटिणीकडं धुवायला दिलं. ही परटीण म्हणजे पांढऱ्या केसांची एक काटक बाई. अख्ख्या गावच्या बाळंतिणींचे आणि बाहेर बसलेल्यांचे कपडे तिच्याच हातून जायचे. तिनं पाहिलं म्हणजे शिक्का बसला.

मखरात बसलेली अक्का माझ्या कानात म्हणाली, "मला काहीच झालं न्हाई गं. आईचं हाय सगळं." आणि हसू दाबायला तिनं पदर तोंडात कोंबला. मीही हसले. मला त्या वेळी याहून मोठी गंमत जगात दुसरी नव्हती.

मग दर महिन्याला काकू आणि अक्का बरोबरच बाहेर बसायला लागल्या. दोन्ही घरचा स्वयंपाक माझ्या आईवर पडायचा.

"मायलेकी बराबर एकाच दिवशी कशा काय बसता गं?" आई परात आपटायची. "कावळ्याला दुसरं घर न्हाई का?"

अक्का पोत्यावर माझ्याशी सागरगोटे खेळायची आणि तिला भाकरी आयती मिळायची. वाटायचं, काय मजेत आहे ही! पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. अक्काच्या पोटात खरोखरच दुखायचं, आणि ते नाटकाच्या दिवशी नाही, भलत्याच दिवशी. महिन्याच्या महिन्याला यायचं. ती गोठ्यात जाऊन गव्हाणीला धरून वाकून उभी राहायची. "खाली जड जड वाटून राह्यलंय," म्हणायची. "आत कुणीतरी दगड ठेवल्यावाणी." काकू ओवा द्यायची. दोन दिवसांनी दुखणं जायचं आणि आम्ही ते विसरून जायचो. दर वेळी दगड थोडा मोठा व्हायचा.

आम्हाला कळायचं तरी कसं? शाळेत विज्ञानाच्या सरांनी बेडकाचं पोट फळ्यावर रंगीत खडूंनी काढलं होतं, नावांसकट. माझं ते तोंडपाठ होतं. आमच्या पोटाची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, पोरींनी मैदानात जाऊन खो-खो खेळा.

पुढं काकूचेच दिवस मागंपुढं व्हायला लागले. तिचं वयच झालं होतं. एक महिना चुकला, मग दुसरा. पण लेकीचा महिना चुकून चालणार नव्हतं, कारण शहागडच्या मुलाशी साखरपुडा झाला होता आणि उन्हाळ्यात लग्न धरलं होतं. तेव्हा काकूनं तिचा पानाचा डबा उघडला. कात घेतला, त्यात चुना खलला, पाण्याचे थेंब सोडले. वाटीत असा लाल गडद रंग उतरला, की मी टाळ्याच वाजवल्या.

"तोंड उघडलंस तर जीभ डागीन भवाने," काकू म्हणाली. 

ही फडकी ती स्वतःच धुवायची. पण एकदा ती तापानं फणफणली, आणि आईनं, बिचारीला काय माहीत, सगळं बोचकं परटिणीच्या गाढवावर चढवलं. रक्ताचा डाग गार पाण्यात सुटतो. काताला सोडा लागला की तो आणखी लाल होतो. परटिणीनं ते फडकं दगडावर आपटलं, पिळलं, उन्हात धरून पाहिलं, आणि शेजारच्या दगडावर धुणं धुणाऱ्या बाईला एवढंच म्हणाली, "हे रगत न्हाई."

या तीन शब्दांना गावात फिरायला फार वेळ लागला नाही. कारण तोवर वेचणी सुरू झाली होती.

कापूस वेचताना बाई कंबरेला ओटी बांधते, बोंडातला कापूस त्यात टाकत जाते आणि ओटी फुगली की गंजीवर रिकामी करते. त्या दिवशी दुपारी सगळ्याजणी ओट्या मोकळ्या करून बांधावर पाणी प्यायला बसल्या. अक्का उभी होती.

"आगं, ओटी सोड की," एक म्हातारी तिला म्हणाली. "कापूस टाकायचा राह्यला का?"

"सोडली की मावशी," अक्का म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं. ओटीचं फडकं तिच्या हातात होतं. पोट तसंच पुढं होतं.

 एकीनं तांब्या पालथा केला. अक्का माझ्याकडं बघून हसली, तेवढीच एक हसली.

गावाचा हिशेब सोपा होता. न्हाण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणजे पोरगी शहाणी झाली होती. आता फडक्यावर रक्त नाही, कात आहे, म्हणजे मध्येच बंद झालं आणि आई रंग लावून झाकते आहे. वर हे पोट. काय खोट काढाल यात? काकूनं जे जे लेकीच्या भल्यासाठी केलं, ते एकेक करून साक्षीदार होऊन उभं राहिलं.

काकांना कुणी सांगितलं ते कळलं नाही. ते रागावले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं. ते बोलायचेच बंद झाले. अक्कानं ताट वाढलं तर उठून जायचे. आणि एका सकाळी कपाशीवर मारायच्या औषधाचा डबा, जो कायम शेतातल्या कोठ्यावर असायचा, तो आमच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात दिसला. मिठाच्या बरणीशेजारी.

काकूनं तो उचलून परत शेतात पाठवला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा कोनाड्यात होता. तोंड अक्काच्या अंथरुणाकडं केलेलं.

"काका, हे इथं कशाला?" मी विचारलं.

"असू दे," काका म्हणाले. "ज्याला लागंल ते घेईल."

 अक्का त्या दिवसापासून पाणी प्यायच्या आधी तांब्याचा वास घ्यायला लागली.

तिला वाचवलं कुणी, तर तिच्या लघवीनं. हसू नका. एका सकाळी तिची लघवी अडली. दुपारपर्यंत ती जमिनीवर गडाबडा लोळायला लागली, आणि पोट असं ताठ झालं की हात लावू देईना. काका ओसरीत बसून बिडी ओढत होते. "बघू," म्हणाले. माझी आई काकांसमोर कधी डोक्यावरचा पदर न ढळवणारी. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, पोरगी इथं मेली तर लोकांना काय सांगायचं ते आधी ठरवा. पोलीस येईल, पंचनामा होईल. मंग बसा बिडी वढत."

काका उठले. गावात एक जीप होती, ती काढली. अक्कानं माझा हात धरला होता तो सोडेना, म्हणून मीही निघाले. जालन्याला पोचेपर्यंत जीपमध्ये काका, काकू, अक्का, मी आणि प्रत्येक खड्ड्याला अक्काची किंकाळी, याशिवाय काही नव्हतं.

तिथल्या मस्तगड भागात एका लेडी डॉक्टरांचा दवाखाना होता. पोक्त बाई, आवाज शाळेतल्या हेडबाईंसारखा. त्यांनी आधी नळी घालून लघवी मोकळी केली. अक्का निपचित पडली. पण पोट पुरतं उतरलं नाही. डॉक्टरांनी वरून दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पाळी कधी आली होती?"

"मागच्या आठवड्यात," काकू म्हणाली.

"दर महिन्याला येते?"

"बराबर येती. बिलकुल चुकत न्हाई."

"खोटं बोलून राह्यली ती," दारातून काका म्हणाले. "चार-पाच म्हैने झाले बंद हाय. सगळ्या गावाला ठावं हाय."

डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. काकूच्या तोंडावर खरं येऊन थांबलेलं मला दिसत होतं. पण नवरा दारात उभा होता, आणि त्याच्याच पैशानं, त्याच्याच जाकिटासकट, तिनं ते खोटं न्हाण जेवू घातलं होतं. ती म्हणाली, "बराबर येती." पुन्हा. डॉक्टरांसमोर. लेक पडलेली असताना.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. काय लिहीत होत्या ते उलटं वाचता आलं नाही, पण कळायला वाचायची गरज नव्हती.

"तुम्ही दोघं बाहेर," त्या म्हणाल्या. मी उठायला लागले तर अक्कानं हात दाबला, म्हणून मी राहिले. दार लागलं. डॉक्टर स्टूल ओढून अक्काच्या डोक्याशी बसल्या. आवाज एकदम खाली.

"बाळा, मी तुला रागावणार नाही. कुणी जवळ आलं होतं का?"

"न्हाई."

"मग पाळी कधी थांबली?"

अक्का छताकडं बघत होती. तिला वाटलं असणार, आता काय राहिलंय. "थांबली न्हाई, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "मला कधी आलीच न्हाई."

"कधीच?"

"कधीच. आईनं तिची दाखवली. मंग कात दाखवला."

डॉक्टरांचे हात स्टुलावर तसेच राहिले. मग त्यांनी पटापट विचारलं: दुखतं का? दर महिन्याला? दोन दिवस? दर वेळी जास्त? अक्का हो, हो, हो म्हणत गेली. त्यांनी पडदा ओढला, तिला तपासलं, आणि बाहेर आल्या त्या अक्षरशः हसत. मी एवढी घाबरले होते, की मला ते हसू भयंकर वाटलं.

गोष्ट अशी होती. अक्काला पाळी येत होती. दर महिन्याला, अगदी वेळेवर, सगळ्या गावच्या पोरींसारखी. फक्त बाहेर यायच्या वाटेवर जन्मापासून एक पातळ पडदा होता, त्याला फट नव्हती. दोन वर्षांचं रक्त आत साठून राहिलं होतं.

डॉक्टरांनी काका-काकूंना आत बोलावून हे सांगितलं.  काकांनी बराच वेळ भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "पडदा कापला तर पोरगी कोरी कशी म्हणायची?"

"नाही कापला तर ती जिवंत कशी म्हणायची, ते तुम्ही मला सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

छोटासा छेद होता. भूल उतरायच्या आधी डॉक्टरांनी काकांना मुद्दाम आत नेलं. मी त्यांच्या मागून शिरले, कारण मला कुणी अडवलं नाही. ट्रेमध्ये डांबरासारखं काळं, दाट, जुनं रक्त होतं. एवढं रक्त मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "हेच तुमचं नातवंड."

काका बाहेर जाऊन पायरीवर ओकले.

इथं गोष्ट संपली असती तर काय बहार होती! पण आम्हाला गावी परत जायचं होतं. अक्का जाताना पोट घेऊन गेली होती, येताना सपाट पोटानं उतरली. गाव काय म्हणणार? गावानं वेळ लावला नाही. "खाली करून आणली." शहागडकडून निरोप आला की पोराच्या आईची तब्येत बरी नाही, लग्नाचं पुढं बघू. आणि कोनाड्यातला डबा जिथल्या तिथं होता. काकांनी तो हलवला नाही. खरं काय ते त्यांना कळलं होतं, ट्रेसकट कळलं होतं, पण गावाला कळलं नव्हतं, आणि काकांना राहायचं गावात होतं.

"सांगा की लोकांना," काकू म्हणाली.

"काय सांगू? खोटं न्हाण जेवू घातलं म्हणून? तोंडावर थुकतील."

"मंग पोरीचं काय?"

 मी अक्काकडं पाहिलं. ती कोनाड्याकडं पाहत होती. पूर्वी ती त्याच्याकडं पाठ करून बसायची. आता समोर बसायला लागली होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

संक्रांतीला काकूनं हळदीकुंकवाचं आवतण दिलं. येणार कोण, असं आईला वाटलं होतं. एकूण एक आली! असा तमाशा घरबसल्या कुठं बघायला मिळतो? ओसरी भरली. परटीणही येऊन दाराशी बसली. काका रागरंग ओळखून आत येऊन उभे राहिले. काकूनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. वाण म्हणून काय देते म्हणून सगळ्या ताणून बघत होत्या. काकूनं पानाचा डबा पुढं घेतला. कात काढला. चुना काढला. वाटीत खलला. पांढरं स्वच्छ फडकं त्यात बुडवलं आणि सगळ्यांसमोर झटकलं.

"हे बघा माझ्या लेकीचं रगत," ती म्हणाली. "अन् न्हाणाचं रगत माझं होतं. तुम्हा समद्यांना मी खोटं जेवू घातलं. माझी लेक त्या दिवशी शहाणी झालीच नव्हती."

"वैनी, गप," काका गोंधळून पुटपुटले. बायकोला वैनी म्हणाले! कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

काकूनं सगळं सांगितलं. पडदा, फट, ट्रे. जे शब्द ती नवऱ्यासमोर कधी बोलली नव्हती ते भर ओसरीत बोलली. मधेच एकीनं विचारलं, "असं असतंय व्हय कुठं?" तर अक्का आतून आली आणि म्हणाली, "माझं हाय. बघायचं का?" ती बाई तिळगुळाकडं बघायला लागली.

कुणाला पटलं, कुणाला नाही. एक-दोघी तोंड वाकडं करून उठल्या. पण जी म्हातारी वेचणीला बोलली होती, तिनं अक्काला जवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या ताटलीतला तिळगूळ खाल्ला. ते बघून काका बाहेर पडले. जाताना कोनाड्यातला डबा काखोटीला मारून घेऊन गेले. शहागडचं स्थळ मोडलं ते मोडलंच. अक्काचं लग्न पुढं परतूरकडं झालं, आणि तिची पोरं आता माझ्याहून उंच आहेत.

बायका गेल्या. परटीण उठली नाही. दाराशीच बसून होती. काकूला वाटलं, तिला सणाचं राहिलेलं पुरण हवंय. तिनं ते वाढून आणलं. परटिणीनं हात लावला नाही.

"बाई," ती म्हणाली, "पोरीला दर म्हैन्याला कळा यायच्या म्हणलात?"

"यायच्या की."

"दोन दिस? अन् मंग थांबायच्या?"

"हो."

"पोट असं, बेंबीच्या खाली, गोल?"

काकू हळूच तिच्यासमोर बसली. "का गं?"

"माझी धाकटी," परटीण म्हणाली. "तुमचं लगीन व्हायच्या आधीची गोष्ट. तिच्या बापानं लई मारलं, नाव सांग म्हणून. ती म्हणायची, कुणाचंच न्हाई. एकच म्हणत राह्यली. मंग हिरीत सापडली."  "तिला बी कधी आली नव्हती. मी सोता कपडे धुती, मला ठावं की. म्हणलं, आली न्हाई अन् पोट हाय, म्हंजे काय ते हायच."

 अक्का चौकटीला धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी परटिणीनं धुणं नेलं नाही. पहिल्या गाडीनं ती जालन्याला गेली, पत्ता काकूला विचारून. संध्याकाळी परतली तेव्हा मी ओसरीतच होते. ती थांबली नाही, म्हणून मीच हाक मारली, "मावशी, काय म्हणल्या डॉक्टरबाई?"

"काय म्हणत्यात," ती चालता चालताच म्हणाली. "बघितल्याबिगर सांगता येत न्हाई म्हणल्या."